वांगणीचा मुक्काम

कल्याणच्या फलाटावर उभे राहा आणि ही कर्जत लोकल जाऊ द्या. डोक्यावरच्या विजेच्या तारा पुसून टाका. 1912-13 च्या सुमारास त्या इथवर पोचल्याच नाहीत. समोर वाफेचं इंजिन आहे. नाशिकची आणि पुण्याची वाट इथेच फुटते, म्हणून ‘राजा हरिश्चंद्र’ या आपल्या चित्रपटाचं त्र्यंबकेश्वरचं चित्रीकरण आटोपलेल्या धुंडिराज गोविंद फाळक्यांनाही वांगणीला जायचं तर कल्याण चुकत नाही. बरोबर मुलगा भालचंद्र, कॅमेरा सांभाळणारे त्र्यंबक तेलंग आणि लंडनहून आणलेलं विल्यमसन यंत्र. चित्रपटातली बाकीची मंडळी पुढे वांगणीला गेली आहेत. त्यांना वाटेत दरोडेखोरांनी गाठल्याची आवई उठली आहे, पण फाळक्यांचा तिच्यावर विश्वास नाही.

त्यांच्यामागोमाग चढा. बदलापूर मागे पडतं, वांगणी येतं.

गावात उलटंच घडलंय. देवळात उतरलेल्या परक्या पुरुषांजवळ तलवारी, ढाली, भाले, गदा! गावकऱ्यांनी त्यांनाच दरोडेखोर ठरवलं, पाटलाने फौजदाराला वर्दी दिली आणि ‘राजा हरिश्चंद्र’ची मंडळी अटकेत पडली. ज्याने सिनेमा कधी पाहिला नाही, त्याला तो तोंडी कसा समजावणार? फाळके कॅमेरा उभा करतात. आत फिल्म नाही. महागाची वस्तू अशी उधळायची नसते. नट प्रसंग करू लागतात, फाळक्यांचा हात हँडल फिरवत राहतो. फौजदाराची खात्री पटते, मंडळी सुटतात. पुढच्या साऱ्या मानसन्मानांपेक्षा रिकामं यंत्र फिरवणारे हे फाळके मला मोठे वाटतात.

पण इथेच थांबा, कारण वांगणीने त्यांच्याकडून दामही वसूल केला. हरिश्चंद्राच्या मुलाचं, रोहिदासाचं काम करणाऱ्या भालचंद्राच्या डोक्याला खोक पडते. प्रथमोपचार होतात, तरी पोर शुद्धीवर येत नाही. मुंबईला परतू, असं सोबतचे सांगतात. फाळके ऐकत नाहीत. मृत रोहिदासाचं दृश्य हवंच आहे. ते बेशुद्ध मुलावर चित्रित होतं. बापाचं हे वागणं आजही माझ्या गळी उतरत नाही. घरच्यांच्या जिवावर हा माणूस सिनेमा उभा करत होता, एवढं मात्र दिसतं: दादरच्या घरी अंधारात कोऱ्या फिल्मला भोकं पाडणाऱ्या, साऱ्या मंडळींना रांधून वाढणाऱ्या सरस्वतीबाई म्हणजे याच मुलाची आई.

पोर वाचलं. 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 3,700 फुटांचा तो चित्रपट लोकांसाठी लागला.