सणाचा आठवडा आणि गावाचा कंठ



ज्युबिली हा शब्द आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की, त्याचे मूळ एका वाद्याच्या नावात आहे याचे आपणांस स्मरण राहत नाही. इब्री भाषेत ‘योबेल’ म्हणजे मेंढा, आणि त्या मेंढ्याच्या शिंगाचे केलेले वाद्यही. जुन्या करारातील लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात अशी आज्ञा आहे की, सात वेळा सात वर्षे लोटली म्हणजे देशभर शिंग फुंकावे, पन्नासावे वर्ष पवित्र मानावे, दासांस मोकळे करावे आणि हातची गेलेली भूमी ज्याची त्यास परत मिळावी. पुढे इ. स. १३०० मध्ये पोप बोनिफास आठवे यांनी रोम शहरी पहिले पवित्र वर्ष जाहीर केले, आणि तेव्हापासून ही प्रथा ख्रिस्तसभेत रूढ झाली. तात्पर्य, ज्युबिलीचा आरंभ भाषणाने नव्हे, नादाने होतो. आणि ज्याचे गेले ते त्यास परत देणे हा तिचा हेतू आहे. ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणपुस्तिकेत आम्ही इमारतींचा इतिहास न सांगता सणाच्या आठवड्यातील गाण्यावाजवण्याचा इतिहास सांगावयास बसलो, त्याचे कारण हेच होय.

सण एका दिवसात आटोपू नये, ही ख्रिस्तसभेची फार जुनी समजूत आहे. सणाअगोदर नऊ दिवसांची नव्हेना, आणि सणापासून आठव्या दिवसापर्यंत त्याचा अष्टाह. धर्मग्रामाच्या आश्रयदात्या संताचा सणही पूर्वी असा आठ दिवस पाळला जाई. पोप पायस बारावे यांच्या कारकिर्दीत १९५५ साली उपासनेचे नियम सुटसुटीत करण्यात आले, तेव्हा नाताळ, ईस्टर व पेंटेकॉस्ट एवढेच अष्टाह राहिले. आणि १९६९ च्या पंचांगात पेंटेकॉस्टचा अष्टाहही गेला. ग्रंथातून अष्टाह गेले. परंतु लोकांच्या मनातून सणाचा आठवडा गेला नाही. नव्हेनेची संध्याकाळ, मुलांची नाटुकली, गायनाच्या स्पर्धा, मिरवणूक आणि सहभोजन या रूपाने तो आमच्या धर्मग्रामांत अद्याप नांदत आहे.

या बाबतीत आम्ही आमच्या हिंदू शेजाऱ्यांहून वेगळे नाही. महाराष्ट्रात गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह होतो. त्यात सात दिवस वीणा खाली ठेवावयाची नाही असा दंडक असतो. एक गृहस्थ थकला की तो ती दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. रात्रीच्या पहाऱ्यास गावकरी पाळीपाळीने उभे राहतात. शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन होऊन सर्व गाव एकत्र जेवतो. सात दिवस गाणे चालू राहते ते एखाद्या थोर गवयाच्या बळावर नव्हे, तर प्रत्येक घरातून कोणीतरी पहाऱ्यास येते म्हणून. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. कारण आमचा स्वतःचा इतिहासही हेच सांगतो.

वसई प्रांत १५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशहा याजकडून पोर्तुगिजांच्या हाती आला. त्यानंतर किल्ल्यात व आसपासच्या गावांत चर्चे उभी राहिली, आणि त्यांच्या मनोऱ्यांवर ओतीव धातूच्या थोर घंटा चढल्या. दूरवरच्या शेतात राबणाऱ्यास प्रार्थनेची वेळ, गावातील मृत्यू आणि सणाचा आनंद या तिन्ही गोष्टी त्या घंटेनेच कळत. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, आणि विजयाची खूण म्हणून येथल्या कित्येक घंटा देशावर नेण्यात आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील सुप्रसिद्ध घंटेवर १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवली येथे नाना फडणवीसांच्या वाड्यामागील घाटावर जी घंटा आहे, तिच्यावर १७०७ हे साल असून बाळ येशूस घेतलेल्या पवित्र मरियेची आकृती आहे. भीमाशंकराच्या देवळातही अशीच एक घंटा आहे.

या घंटांविषयी आमच्या मनात आज कडवटपणा नाही. ज्या देवळांत त्या गेल्या तेथे त्यांचा मान राखला गेला, आणि पवित्र मरियेची मूर्ती ल्यालेली घंटा कृष्णेच्या काठी शतकानुशतके सुखरूप राहिली, हे थोडे नव्हे. परंतु यातून एक धडा मिळतो. जे संगीत धातूत होते, ते विजेत्यास गाड्यावर घालून नेता आले. जे कंठात होते, ते कोणासही नेता आले नाही.

कंठातील संगीत किती चिवट असते याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला, येथली भाषा शिकला आणि मराठी ओवीत त्याने तारणाचा सर्व इतिहास गाऊन दाखविला. नव्या ख्रिस्ती लोकांनी आपली जुनी पुराणे सोडली होती; त्यांच्या जागी वाचावयास व गावयास आम्हांस काही द्या, अशी मागणी पुढे आली, आणि तिच्या उत्तरादाखल हा ग्रंथ झाला. १६१६ साली तो रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला; १६४९ व १६५४ साली पुन्हा छापला गेला. त्यात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत.

पुढे दिवस पालटले. १६८४ च्या जून महिन्यात गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. १६५४ नंतर ख्रिस्तपुराणाची पुढली छापील आवृत्ती निघाली ती थेट १९०७ साली, मंगळूर येथे, जे. एल. सालढाणा यांच्या संपादनाने. मधल्या अडीचशे वर्षांत हे पुराण कोणी जिवंत ठेवले? छापखान्याने नव्हे, सरकारने तर नव्हेच. ज्यांनी ते हाताने उतरून घेतले आणि घरोघरी मोठ्याने गायिले, त्या साध्या कुटुंबांनी. सालढाणांस छापील प्रत मिळाली नाही. त्यांनी अशा हस्तलिखितांवरूनच आपली आवृत्ती सिद्ध केली.

आमच्या वसईचा पुत्र संत गोन्सालो गार्सिया याचेही येथे स्मरण होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह तो क्रुसावर रक्तसाक्षी झाला. ८ जून १८६२ रोजी त्यास संतपद प्राप्त झाले. त्या टेकडीवर क्रुसांस बांधलेल्या मुलांनी व इतरांनी मरतेसमयी स्तोत्रे गायिली असे परंपरा सांगते. तेथे ना वाद्य होते, ना व्यासपीठ. तरीही ते गाणे चारशे वर्षांहून अधिक काळ ऐकू येत आहे.

घरच्या गाण्याचीही कथा अशीच आहे. उत्तर कोकणातील ख्रिस्ती लग्न हे एका दिवसाचे काम कधीच नव्हते. मांडव घालणे, दळणकांडण, उंबराचे पाणी आणणे, नवरानवरीस न्हाऊ घालणे, या प्रत्येक कामास त्याचे त्याचे गाणे होते, आणि ते स्त्रियांच्या मुखी होते. साथीस घुमट असे: मातीच्या भांड्याच्या तोंडावर कातडे ताणून केलेले साधे वाद्य. सामवेदी, वाडवळ, कोळी अशा ज्याच्या त्याच्या बोलीत ही गाणी होती. त्यांचे कर्ते कोण हे ती गाणाऱ्या स्त्रियांनी कधी विचारले नाही, कारण गाणारी प्रत्येक स्त्री त्यात आपली एक ओळ घालीत असे.

मग बँड आले. कर्णे, सनई, झांजा व पडघम यांनी मिरवणुका दुमदुमू लागल्या. काहींची समजूत आहे की बँड ही सणाची अनादि शोभा होय. वस्तुतः पोप पायस दहावे यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पवित्र संगीताविषयी जे प्रसिद्ध पत्र काढले, त्यात चर्चच्या आत बँड वाजविण्यास स्पष्ट मनाई केली. बाहेरील मिरवणुकीत मात्र बिशपांच्या परवानगीने तो वाजवावा, परंतु त्यात ऐहिक चाली नसाव्यात, असे सांगितले. त्या पत्राचा दुसरा आग्रह आम्ही अधिक विसरलो आहोत: पूर्वकाळाप्रमाणे भाविकांनी स्वतः उपासनेच्या गायनात भाग घ्यावा. पुढे ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या संविधानात लोकभाषेस स्थान दिले, आणि ज्या देशांत लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तेथे तिचा आदर करावा असे सांगितले. स्टीफन्स यांनी १६१६ साली जे केले, त्यास साडेतीनशे वर्षांनी जगातील सर्व बिशपांची संमती मिळाली असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

आता आमच्या चिंचोटीकडे वळू. येथून अहमदाबादकडे जाणारा महामार्ग धावतो, आणि येथूनच कामणमार्गे भिवंडीचा रस्ता फुटतो. पश्चिमेस वसईच्या वाड्या व चर्चे, पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर, धबधबा व आदिवासी पाडे. जवळच जूचंद्र गाव आहे. तेथील रांगोळीकारांची कीर्ती दूरवर पसरली आहे. आमच्या पालघर जिल्ह्यातील वारली लोकांचा तारपा ज्यांनी ऐकला असेल, त्यांस योबेलची कल्पना देणे कठीण नाही. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा, एवढीच त्याची सामग्री. वाजविणारा श्वास तुटू देत नाही, आणि स्त्रीपुरुष त्याच्याभोवती फेर धरतात. तेथे श्रोता म्हणून वेगळा कोणी नसतो.

वसईत डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात गेली कित्येक वर्षे कला-क्रीडा महोत्सव भरतो. गायन, नृत्य, चित्रकला आणि नाना खेळ यांत सर्व जातिधर्मांची मुले उतरतात. तो आठवडा म्हणजे नाताळच्या अष्टाहाचाच आठवडा. ग्रंथातील अष्टाह व मैदानावरील महोत्सव अशा रीतीने एकाच वेळी साजरे होतात, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते.

परंतु चिंतेची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. काही वर्षांपूर्वी एका सणाच्या संध्याकाळी आम्ही मांडवात बसलो होतो. भाड्याने आणलेले ध्वनियंत्र इतक्या जोराने चालले होते की, शेजाऱ्याशी बोलणे अशक्य झाले. इतक्यात वीज गेली. क्षणभर शांतता पसरली. मग एका कोपऱ्यातून एका वृद्ध मावशींनी लग्नातील जुने गाणे धरले. तिच्या बरोबरीच्या दहा-बारा जणींनी सूर मिळविला. तरुण मंडळी जवळ सरकली, टाळ्याही वाजवू लागली. पण दुसरी ओळ त्यांतील एकासही येत नव्हती. वीज परतली आणि यंत्र पुन्हा गर्जू लागले. त्या बायांतील कित्येक आज हयात नाहीत. त्यांच्यासवे किती ओळी मातीआड झाल्या, याचा हिशेब कोणत्या वहीत मांडावा?

घंटा गेल्या तेव्हा आमच्या पूर्वजांचा इलाज नव्हता. फर्मान निघाले तेव्हाही तो नव्हता. आज मात्र आमचे गाणे कोणी हिरावून नेत नाही. आम्हीच ते पैसे देऊन गप्प करीत आहो. हा दोष यंत्राचा नव्हे. यंत्र हे चाकर आहे. त्यास यजमानाच्या जागी बसविले ही आमची चूक.

म्हणून या ज्युबिलीच्या आठवड्यासाठी आमची नम्र सूचना अशी. सप्ताहातील वीणेप्रमाणे प्रत्येक संध्याकाळ एकेका वाडीने आपल्या गळ्यात घ्यावी, आणि त्या संध्याकाळचे गाणे त्या वाडीनेच गावे, मग ते बेसूर का होईना. एक संध्याकाळ केवळ वृद्ध स्त्रियांची असावी. नातवंडांनी आपल्या खिशातील मोबाइल त्यांच्यापुढे धरून प्रत्येक गाणे ध्वनिमुद्रित करावे, आणि त्याचे शब्द वहीत उतरून ती वही धर्मग्रामाच्या दप्तरात ठेवावी. एक संध्याकाळ ख्रिस्तपुराणाच्या वाचनाची असावी. डोंगराकडील तारपावाल्यास सन्मानाने बोलवावे, शोभेसाठी नव्हे तर पाहुणा म्हणून. आणि अंगणातील रांगोळी जूचंद्रच्या शेजाऱ्यांकडून आमच्या मुलींनी शिकावी. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून देशभर आहे. तो आम्ही शिपायाच्या भीतीने नव्हे, आपल्या कंठास वाव मिळावा म्हणून पाळावा.

ज्युबिलीचा मूळ अर्थ ज्याचे त्यास परत देणे हा होय. वाड्यांस त्यांच्या संध्याकाळी परत मिळोत, आजीस तिचे श्रोते परत मिळोत, आणि मुलांस ती हरवलेली दुसरी ओळ परत मिळो. आठव्या दिवशी मांडव उतरेल, दिवे काढले जातील, ध्वनियंत्र ज्याचे त्याच्या घरी जाईल. त्या रात्री घरी परतताना एखादे लेकरू महामार्गाच्या कडेने चालता चालता जुने गाणे आपल्याशी गुणगुणत असेल, तर आमचा सण यथासांग पार पडला असे आम्ही समजू.

प्रभू आमच्या धर्मग्रामाचे व सर्व शेजाऱ्यांचे कल्याण करो.