वेग, व्होल्टेज आणि वऱ्हाड

संगणकाचा वेग वाढवण्याचे दोन मार्ग इतिहासात दिसतात. पहिला, आहे त्याच प्रोसेसरला नेमल्या गतीपलीकडे दामटण्याचा. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. १९९८ चा ‘सेलेरॉन ३००ए’ मूळचा ३०० मेगाहर्ट्झचा; मदरबोर्डवरील बसची गती ६६ वरून १०० केली की बहुधा ४५० वर धावे. एखादा अडखळलाच, तर व्होल्टेज किंचित वाढवीत. मात्र उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १० टक्के वाढीला २१ टक्के उष्णता. अमरावती-अकोल्याच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात हा हिशेब कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

दुसरा मार्ग अनेक प्रोसेसर एकत्र राबवण्याचा. ही कल्पना आपली नव्हे; पण अमेरिकेकडून क्रे महासंगणक मिळण्यात अडथळे आल्यावर आपण ती निष्ठेने राबवली. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला. त्यात ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर समांतर चालत.

२००४ मध्ये इंटेलनेही ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द करून एका चिपमध्ये अनेक गाभे बसवण्याची वाट धरली. आम्हांला महत्त्वाचे वाटते ते हे, की परमला या वाटेवर नकाराने आणले आणि इंटेलला उष्णतेने. वेगाचा इतिहास लिहिताना दोन्ही कारणांची नोंद व्हायला हवी.