जोशी, जी. एन.

(१९०९–९४). मराठी भावगीताच्या आद्य गायकांपैकी एक व ध्वनिमुद्रणक्षेत्रातील जाणकार. कायद्याचे पदवीधर, तथापि वकिलीऐवजी त्यांनी गायन पतकरले. शास्त्रोक्त संगीताची त्यांना तालीम होती.

१९३० नंतर ध्वनिमुद्रिका व नभोवाणी यांच्या प्रसाराबरोबर मराठी भावगीत उदयास आले. नाट्यपद बहुधा आधीच्या चालीवर रचले जाई; भावगीतात स्वतंत्र कविता आधी व चाल नंतर, असा क्रम आला. ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्ट (१७९७–१८२८) याच्या गीतरचनांतही कवितेला असेच अग्रस्थान आढळते. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर येथे वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांची ‘शीळ’ ही कविता जोशी यांनी गायिली. १९३२ च्या सुमारास निघालेली ही ध्वनिमुद्रिका अतिशय लोकप्रिय झाली. मराठी भावगीताचा प्रारंभ अनेकदा तिच्यापासून मानला जातो. देशपांडे यांच्या १९५४ मधील संग्रहाचे नावही शीळ असेच आहे.

तत्कालीन ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस सु. तीन मिनिटांचेच गायन मावे. रागविस्ताराची सवय असलेल्या गायकास ही मर्यादा जाचक होती. भावगीताला मात्र ती मानवली. आलाप व ताना यांना आवर घालून शब्दाचा अर्थ श्रोत्यापर्यंत पोहोचविणे, हे या गायनाचे मर्म ठरले. तालीम येथे दिसावयाची नसून स्वर नेमका लागण्यापुरती राबवावयाची असते. ‘गांधारी’ या नावाने मुद्रित झालेल्या गंगूबाई हनगल यांनी आरंभीच्या काळात जोशी यांच्यासमवेत युगुलगीते गायिली. पुढे त्यांनी सुगम संगीत सोडून ख्यालगायनास वाहून घेतले.

जोशी यांची वाटचाल निराळी झाली. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ कंपनीच्या सेवेत शिरून अनेक दशके त्यांनी इतरांचे गायन-वादन मुद्रित केले. बडे गुलाम अली खाँ, अमीर खाँ इ. कलावंतांशी त्यांचा या निमित्ताने संबंध आला. दीर्घ ध्वनिमुद्रिकेच्या आगमनानंतर एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक अवकाश मिळाला आणि ख्यालाची कुचंबणा पुष्कळशी दूर झाली. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया व ब्रिजभूषण काब्रा यांची कॉल ऑफ द व्हॅली (१९६७) ही गाजलेली ध्वनिमुद्रिका जोशी यांच्याच निर्मितीतील होय.

गायक म्हणून त्यांचे नाव काहीसे मागे पडले. तथापि अल्पावधीच्या गीतातून कवितेला घरोघरी नेणे व अभिजात गायकांचा स्वर पुढील पिढ्यांसाठी राखणे, ही दोन्ही कार्ये त्यांनी केली. स्वरगंगेच्या तीरी हे त्यांचे आठवणींचे पुस्तक या कालखंडाच्या अभ्यासास उपयुक्त आहे.