वुड बफेलोचे रान आणि माणसाची आग

कॅनडात अल्बर्टा आणि वायव्य प्रदेश यांच्या सीमेवरचे वुड बफेलो राष्ट्रीय उद्यान सुमारे ४५ हजार चौरस किलोमीटरचे, म्हणजे केरळ राज्याहूनही मोठे आहे. उरल्यासुरल्या वुड बायसन या रानगव्यांच्या रक्षणासाठी ते १९२२ साली स्थापन झाले आणि १९८३ साली जागतिक वारसा ठरले. एवढे अवाढव्य, थंड आणि विरळ वस्तीचे रान माणसाचा हात न लागताच वाढले असणार, असे दुरून पाहणाऱ्याला सहज वाटते. तिथल्या झाडा-गवताचा इतिहास मात्र ही समजूत टिकू देत नाही.

या रानाची घडण आगीभोवती झाली आहे. कोरड्या वाळूवरच्या जॅक पाइनचे शंकू राळेने घट्ट मिटलेले असतात. धग लागली की राळ वितळते आणि बी मोकळे होते. अ‍ॅस्पेन जळाला तरी मुळांतून पुन्हा फुटतो. मग ही आग लावली कोणी? बहुतेक मोठे वणवे विजेचेच, हा आक्षेप खरा आहे, आणि मूठभर माणसांनी एवढे अरण्य घडवले असा दावा कोणी करू नये. पण मानवशास्त्रज्ञ हेन्री लुईस यांनी १९७०च्या दशकात उत्तर अल्बर्टातील मूळनिवासी वृद्ध शिकाऱ्यांकडून जे नोंदवले, ते सरसकट जंगलाविषयी नव्हतेच. ते होते गवताळ कुरणे, तळ्यांचे काठ आणि वाटा यांच्याविषयी. वसंताच्या आरंभी झाडांखाली बर्फ असतानाच हे शिकारी कुरणातले वाळके गवत पेटवत. आग रानाच्या कडेला आपोआप विझे. कोवळे गवत लवकर येई, त्यामागे जनावरे येत. उन्हाळी वीज वाटेल तिथे पडते. ही आग जागा आणि वेळ हेरून लावलेली असे. सरकारने तिच्यावर बंदी घातल्यावर कुरणांत झुडपे माजली, असे त्याच वृद्धांचे म्हणणे होते. क्षेत्रफळाने ही कुरणे किरकोळ असतील, पण जनावरांचे आणि माणसांचे पोट त्यांच्यावरच चालत होते.

रक्षणासाठी माणसांना आवरावेच लागते, असा दुसरा युक्तिवाद होतो. तो पटलाही असता, जर नियम सर्वांना सारखा असता. १८९९ साली कॅनडाच्या सरकारशी झालेल्या ‘आठव्या तहात’ शिकार-मासेमारीची हमी मिळालेल्या मूळनिवासी डेने लोकांपैकी अनेक कुटुंबांना या उद्यानातून बाहेर पडावे लागले. जे राहिले त्यांच्या शिकारीवर परवान्यांचे जाळे पडले. त्याच उद्यानात नदीकाठच्या गाळावर वाढलेले उंच पांढरे स्प्रूस मात्र कंत्राटदार अनेक दशके अधिकृत करारांवर तोडत राहिले. पर्यावरण संघटना न्यायालयात गेल्यावर, १९९२ साली, तोडीचा करार बेकायदा ठरला. तोवर त्या जुन्या स्प्रूसवनाचा मोठा हिस्सा संपलेला होता.