टेबलावरची सही आणि एका खोट्या ऑपरेशनचा इतिहास

परवा दुपारी गल्लीतल्या एका पोराचा फोन आला. जिल्ह्याच्या गावी, एका दवाखान्यातून. आवाज घाबरलेला.

"दादा, आप्पांची अँजिओग्राफी झाली. एक नस ऐंशी टक्के बंद आहे म्हणतात. आप्पा अजून आत टेबलावरच आहेत. लगेच स्टेंट टाकायचा असेल तर सही करा म्हणतात. काय करू?"

मी विचारलं, "अरे, अ‍ॅटॅक आलाय का त्यांना?"

"नाही हो. वर्षभर झालं, चढ चढताना छाती भरून येते. जरा बसले की थांबतं."

मी पत्रकार माणूस. बातमीतलं कळतं, छातीतलं काय कळणार? "डॉक्टरांना नीट विचारून घे" एवढंच म्हणालो. त्याने सही केली. आप्पा आता घरी आहेत, ओट्यावर बसून पेपर वाचतात, आनंद आहे. तो स्टेंट गरजेचा होता की नव्हता हे सांगायची माझी पात्रता नाही आणि या पोस्टचा तो विषयही नाही.

पण फोन ठेवल्यावर चैन पडेना. त्या पोराला दहा मिनिटांत जो प्रश्न सोडवायचा होता, तो सोडवायला जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांना साठ-पासष्ट वर्षं लागली आहेत. तो इतिहास आपल्यापर्यंत कुणी आणलाच नाही. म्हणून आज लिहितोय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात इटलीतून करू. १९३९ साली फिएस्की नावाच्या सर्जनने एक सोपं ऑपरेशन काढलं. छातीच्या हाडामागून दोन बाजूंनी दोन रक्तवाहिन्या खाली जातात. त्या बांधून टाकल्या, तर तुंबलेलं रक्त दुसरी वाट शोधेल आणि हृदयाकडे वळेल, असा विचार. आपण पाटाला बांध घालून पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवतो, अगदी तसंच. डोक्यात लगेच बसणारी गोष्ट. पुढे पन्नासच्या दशकात हे ऑपरेशन अमेरिकेत गेलं आणि धडाक्यात चाललं. जागा बधिर करायची, छातीवर दोन छोटे छेद घ्यायचे, वाहिन्या बांधायच्या, संपलं. पेशंट म्हणायचे, दुखणं गेलं. गोळ्या कमी झाल्या. १९५७ साली 'रीडर्स डायजेस्ट'मध्ये त्यावर लेख आला आणि लोक आपणहून डॉक्टरांकडे हे ऑपरेशन मागायला लागले.

मग सिएटलमधल्या लिओनार्ड कॉब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळाच प्रयोग केला. १७ पेशंट घेतले. सगळ्यांच्या छातीवर छेद घेतला. ऑपरेशन चालू असताना सर्जनच्या हातात एक पाकीट द्यायचं. त्यातल्या चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं, वाहिन्या बांधायच्या की नुसताच छेद शिवून टाकायचा. ८ जणांच्या बांधल्या, ९ जणांच्या नाहीत. कुणाचं काय झालं हे पेशंटला माहीत नाही आणि नंतर तपासणाऱ्या डॉक्टरलाही माहीत नाही.

१९५९ साली निकाल छापून आला. दोन्ही गटांतल्या लोकांना सारखंच बरं वाटलं होतं! ज्यांच्या छातीत काहीच केलं नव्हतं, तेही म्हणत होते, ऑपरेशनने फरक पडला. पुढच्याच वर्षी कॅन्ससच्या डॉक्टरांनी १८ जणांवर असाच प्रयोग केला. त्यात ५ जणांना नुसता छेद होता आणि पाचही जणांनी सुधारणा सांगितली. हे ऑपरेशन थोड्याच काळात बंद पडलं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. कॉब यांच्या पेशंटना एवढंच सांगितलं होतं की या ऑपरेशनची पाहणी चालू आहे. काहींना नुसता छेद मिळणार आहे, हे सांगितलं नव्हतं. आज असं केलं तर ती फसवणूक ठरेल. पण त्या प्रयोगाने शिकवलेलं खरं आहे: पेशंटला बरं वाटलं म्हणजे उपचाराने काम केलं, असं होत नाही. डॉक्टरवरचा विश्वास, ऑपरेशनचा थाट, 'आता आपलं काहीतरी झालं' ही भावना, यांनीही दुखणं कमी होतं. तो पेशंट खोटं बोलत नसतो. त्याला खरंच बरं वाटत असतं.

आता दुसरा धागा. याच काळात नळीने नसेच्या आत शिरायची विद्या तयार होत होती. १९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्ड गावात फोर्समान नावाच्या पंचविशीतल्या डॉक्टरने स्वतःच्या दंडातल्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशीच नळी घेऊन एक्स-रे काढायला गेला! त्या वेळी त्याची निंदा झाली, १९५६ साली नोबेल मिळालं. १९६४ च्या जानेवारीत अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर यांच्याकडे ८२ वर्षांच्या एक आजी आल्या. पायाची नस आवळलेली, बोटं सडायला लागलेली. सर्जन म्हणत होते पाय कापा, आजी कापू देत नव्हत्या. डॉटरनी एकापेक्षा एक जाड नळ्या घालून ती नस आतून रुंद केली. पाय वाचला. आजी पुढे स्वतःच्या पायांवर चालल्या.

यावरूनच आंद्रेयास ग्रुंटझिग या तरुण डॉक्टरला फुग्याची कल्पना सुचली. झुरिकमध्ये स्वतःच्या घरातल्या स्वयंपाकाच्या टेबलावर तो ते फुगे बनवत बसायचा. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्याने ३८ वर्षांच्या एका पेशंटच्या हृदयाची नस फुग्याने उघडली. छाती न फाडता! हृदयाच्या नसेची जगातली ही अशी पहिली अँजिओप्लास्टी. फुगवलेली नस परत आवळायची, म्हणून १९८६ मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, आत बसवायला सुरुवात केली. पुढे औषध लावलेले स्टेंट आले.

आता नीट वाचा. हार्ट अ‍ॅटॅक चालू असताना अँजिओप्लास्टी माणसाचा जीव वाचवते. यात शंका नाही, हे अनेक चाचण्यांमध्ये सिद्ध झालेलं आहे. नस अचानक गुठळीने बंद पडलेली असते, मिनिटामिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. तिथे विचार करत बसायचं नाही, पळायचं. ही पोस्ट वाचून कुणी अ‍ॅटॅकच्या पेशंटला घरी थांबवलं, तर माझं लिहिणं पाप ठरेल.

पण जगभर स्टेंट फक्त अ‍ॅटॅकमध्ये टाकले जात नव्हते. आप्पांसारखे लोक, ज्यांचं दुखणं चालल्यावर येतं, बसल्यावर जातं आणि महिनोन् महिने तसंच असतं, त्यांनाही टाकले जात होते. तर्क तोच, पाटाच्या पाण्याचा. नस बंद आहे, उघडली की अ‍ॅटॅक टळणार, आयुष्य वाढणार. कुणालाही पटेल.

पटतं, पण खरं आहे का? हे तपासायला अमेरिका आणि कॅनडामध्ये एक मोठी चाचणी झाली. नाव 'करेज'. २,२८७ पेशंट. निम्म्यांना चांगली औषधं आणि स्टेंट, निम्म्यांना फक्त चांगली औषधं. कुणाला काय द्यायचं हे डॉक्टरने ठरवायचं नाही, चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार. साडेचार वर्षांच्या आसपास पाठपुरावा झाला. २००७ साली निकाल आला: मृत्यू किंवा अ‍ॅटॅक, स्टेंटच्या गटात १९.० टक्के आणि नुसत्या औषधांच्या गटात १८.५ टक्के. म्हणजे फरक नाहीच. स्टेंटवाल्यांना सुरुवातीची काही वर्षं छातीचं दुखणं कमी राहिलं, पुढे तोही फरक पुसट झाला. दुसरी बाजूही सांगतो. औषधांच्या गटातल्या साधारण एक तृतीयांश लोकांना नंतर स्टेंट किंवा बायपास करावी लागली. पण बाकीच्या दोन तृतीयांश लोकांना त्या काळात लागली नाही.

असं का व्हावं? कारण आपली नस म्हणजे घरातला गंजलेला नळ नव्हे. नसेच्या भिंतीत जागोजागी चरबीचे थर असतात. अ‍ॅटॅक पुष्कळदा त्यातला एखादा थर फुटून त्यावर गुठळी झाल्याने येतो आणि तो थर अँजिओग्राफीत सगळ्यात मोठा दिसणाराच असतो असं नाही. स्टेंट एका जागेचं काम करतो. कोलेस्टेरॉलची गोळी, रक्त पातळ ठेवणारी गोळी, बीपी, साखर, तंबाखू सोडणं, हे सगळ्या नसांचं काम करतात.

मग स्टेंटच्या बाजूचे डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, आयुष्य वाढत नसेल, पण छातीचं दुखणं तर जातं? इथे १९५९ ची आठवण कुणालातरी व्हायलाच हवी होती. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या डॉ. रशा अल-लमी आणि सहकाऱ्यांनी 'ऑर्बिटा' नावाची चाचणी केली. एकाच नसेत मोठं ब्लॉकेज असलेले २०० पेशंट. आधी सहा आठवडे सगळ्यांची औषधं नीट बसवली. मग सगळ्यांना कॅथलॅबमध्ये घेतलं, गुंगीचं औषध दिलं, कानाला हेडफोन लावून गाणी ऐकवली. १०५ जणांना स्टेंट टाकला. ९५ जणांना टाकला नाही, नुसतं टेबलावर झोपवून ठेवलं. या वेळी मात्र प्रत्येकाला आधीच स्पष्ट सांगून संमती घेतली होती, आणि चाचणी संपल्यावर उरलेल्यांना स्टेंट घ्यायची मुभा होती. कॉब यांच्या काळापासून एवढी प्रगती नक्की झाली.

सहा आठवड्यांनी सगळ्यांना ट्रेडमिलवर चालवलं. स्टेंटवाले आधीपेक्षा सरासरी २८.४ सेकंद जास्त चालले. न टाकलेले ११.८ सेकंद. फरक १६.६ सेकंदांचा, जो नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. हा निकाल २०१७ साली छापून आला, ग्रुंटझिगच्या पहिल्या फुग्याला बरोबर चाळीस वर्षं झाली तेव्हा. चाळीस वर्षं जगभर हे काम चाललं, आणि खोट्या ऑपरेशनशी तुलना करून बघायला कुणी धजावलं नव्हतं.

त्यानंतर 'इस्केमिया' चाचणी झाली. ५,१७९ पेशंट, ३७ देश, त्यात आपला भारतही. ज्यांच्या तपासणीत हृदयाला रक्त बरंच कमी पडतंय असं दिसलं, पण प्रकृती स्थिर होती, असे लोक. तीन वर्षांहून जास्त पाठपुरावा. लवकर अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास केलेल्या गटात १४५ मृत्यू, आधी औषधांवर ठेवलेल्या गटात १४४.

म्हणजे स्टेंट निरुपयोगी आहे का? नाही. तसं लिहिलं तर मीही अर्धवट बातमी देणारा ठरेन. २०२३ साली त्याच लंडनच्या गटाने 'ऑर्बिटा-२' केली. ३०१ पेशंट, या वेळी छातीच्या दुखण्याच्या गोळ्या बंद ठेवून. त्यात स्टेंटने दुखणं खरोखर कमी झालं. स्टेंट टाकलेल्यांपैकी साधारण ४० टक्क्यांचं दुखणं पूर्ण थांबलं, न टाकलेल्यांपैकी साधारण १५ टक्क्यांचं. तर हिशेब असा: स्थिर दुखणं असलेल्यांना स्टेंट आराम देऊ शकतो, पण त्याने आयुष्य वाढल्याचा पुरावा नाही. डाव्या बाजूची मुख्य नस आवळलेली असेल किंवा हृदयाचं पंपिंग बरंच कमी असेल, तर गोष्ट वेगळी. असे पेशंट 'इस्केमिया'त घेतलेच नव्हते.

आता आपल्याकडे बघू. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आणली. साधा ७,२६० रुपये, औषध लावलेला २९,६०० रुपये. त्याआधी औषधवाल्या स्टेंटला लोक लाखाच्या वर मोजत होते. मोठा निर्णय होता, आम्हीही पहिल्या पानावर घेतला. पण तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, स्टेंट केवढ्याला? कुणाला लागतो आणि कुणाला थांबता येतं, हे विचारलंच नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑर्बिटाचा निकाल आला, त्याची एक ओळही मी छापली नाही. ही माझी कबुली.

डॉक्टरांना शिव्या द्यायला हे लिहिलेलं नाही. हे सगळे प्रयोग करणारे डॉक्टरच होते. स्वतःच्याच धंद्याच्या पोटावर पाय येईल असा प्रश्न विचारायला छाती लागते. आपण निदान तेवढाच प्रश्न दवाखान्यात विचारावा. अँजिओग्राफीला आत जायच्या आधी, टेबलावर नव्हे: "डॉक्टरसाहेब, हा अ‍ॅटॅक आहे की स्थिर दुखणं? स्थिर असेल, तर आधी औषधांवर काही आठवडे बघता येईल का? स्टेंटने यांचं आयुष्य वाढेल की दुखणं कमी होईल?" चांगला डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाही, खुर्ची पुढे ओढून समजावून सांगतो.

आणि ज्यांना आधीच स्टेंट आहे त्यांनी एक करा. ही पोस्ट वाचून घाबरू नका आणि एकही गोळी मनाने बंद करू नका. ते खरंच जिवावर बेतू शकतं.

काल आप्पांकडे गेलो होतो. पोराने विचारलं, "दादा, सही करायला नको होती का?" मी म्हटलं, "तुझं काही चुकलं नाही रे. तुला विचार करायला वेळच दिला नाही." पुढच्या वेळी कुणाच्या तरी घरातल्या पोराला तो वेळ मिळावा, म्हणून एवढं लिहिलं. तुमच्या घरात असा प्रसंग आला असेल, तर दवाखान्याचं आणि डॉक्टरचं नाव न घेता खाली लिहा. वाचतो मी सगळं.