कढीलिंब : कुंडीतील पुनर्लागण

परसातील कढीलिंबाचे (कढीपत्ता, गोडलिंब, मुराया कोनिगी, कुल रुटेसी) रोप उचलून कुंडीत लावले की चार-सहा दिवसांत त्याचा शेंडा मान टाकतो आणि पाने पिवळी पडून गळू लागतात. यास पुनर्लागणीचा धक्का म्हणतात. तो रोग नव्हे, पाण्याच्या जमाखर्चातील तूट होय. झाड पाणी शोषते ते मुख्यतः बारीक तंतुमुळांनी व त्यांवरील मूलरोमांनी. खणताना नेमकी तीच तुटून जमिनीत राहतात. पानांतील बाष्पोत्सर्जन मात्र चालूच असते.

कढीलिंबाची अडचण दुहेरी आहे. घरोघरी कुंडीत जाते ते पुष्कळदा बियांचे रोप नसून मोठ्या झाडाच्या मुळावर आलेला फुटवा असतो. वरून भरदार दिसला तरी तो आईच्या मुळावर पोसलेला. स्वतःची तंतुमुळे मोजकीच. म्हणून फुटव्याला जोडणारे मूळ आधी धारदार पहारीने तोडावे, रोप महिनाभर जागीच राहू द्यावे व मगच हलवावे. एवढी सबुरी क्वचितच कोणी दाखवतो.

उचलण्याच्या आदल्या दिवशी पाणी द्यावे, मुळांभोवतीची मातीची हुंडी फुटू देऊ नये आणि लागण संध्याकाळी करावी. खोड पूर्वी जितके मातीत होते तितकेच ठेवावे. नुसती काळी माती कुंडीत वाळून कडेपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून खाली निघून जाते. पोयट्यात कुजलेले शेणखत व जाडसर वाळू किंवा कोकोपीट मिसळणे बरे. भोकावर एक खापरी पुरते. खापऱ्यांच्या थराने निचरा सुधारतो हा समज चुकीचा असून त्यामुळे मातीचा ओला थर उलट मुळांच्या अधिक जवळ येतो.

पहिले दोन-तीन आठवडे कुंडी उजेडाच्या सावलीत, वाऱ्यापासून आडोशाला असावी. सुमारे एक तृतीयांश पाने काढावीत. सर्व ओरबाडू नयेत, कारण शेंडे व कोवळी पाने यांत तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक मुळे फुटण्यास मदत करते. छोट्या रोपावर पारदर्शक पिशवी सैलसर घातल्यास बाष्पोत्सर्जन घटते, मात्र ती उन्हात नको.

रोपे दगावतात ती बरेचदा मायेने. भोकातून निथळेपर्यंत एकदा पाणी दिल्यावर वरची इंचभर माती सुकेपर्यंत पुन्हा देऊ नये. माती ओली असूनही पाने मलूल दिसली तर ती तहान नव्हे; हवेअभावी गुदमरलेल्या मुळांना पिथियम, फायटोफ्थोरा यांची कूज लागल्याची शक्यता असते. रासायनिक खतातील क्षार तुटक्या मुळांना जाळतात, म्हणून पालवी फुटेपर्यंत खत नाही. कढीलिंबाला ताक घालण्याची घरगुती रीतही तोवर लांबच ठेवावी. धक्क्यावरचा उपाय म्हणून ब १ जीवनसत्त्वाची बाटली विकत घेण्याचे कारण नाही. प्रयोगांत तिचा उपयोग दिसलेला नाही.

निष्पर्ण रोप मेले असे समजू नये. साल नखाने खरवडावी. आत हिरवे असेल तर ते जिवंत आहे. लागणीस पावसाळ्याची सुरुवात उत्तम. डिसेंबरात हलवलेले रोप ऊब वाढेपर्यंत निपचित राहू शकते. नव्या पालवीवर लिंबू फुलपाखराच्या, पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या येतात. मोठ्या झाडाला त्यांचे काही वाटत नाही. सावरत्या रोपावरील मात्र हाताने वेचाव्यात.