निदान : माहीत नाही

ताप उतरून चार-सहा दिवस झालेले असतात. मूल पुन्हा खायला मागू लागलेलं असतं, घरभर फिरू लागलेलं असतं. आणि मग आंघोळ घालताना आईच्या लक्षात येतं, की त्याच्या बोटांची टोकं सोलताहेत. नखाच्या अगदी कडेला एक बारीक चीर पडते, तिथून पांढुरका पापुद्रा सुटतो आणि हळूहळू बोटाच्या पेरापर्यंत उतरत येतो. दुखत नाही, खाजत नाही. अंगातली उष्णता बाहेर पडतेय, असं म्हणून घरोघरी ते सोडून दिलं जातं. टोकियोतल्या एका बालरोगतज्ज्ञाने मात्र ते सोडून दिलं नाही.

डॉ. तोमिसाकू कावासाकी यांचा जन्म १९२५ मध्ये टोकियोच्या आसाकुसा भागातला. चिबा इथे वैद्यकीय शिक्षण घेऊन ते टोकियोच्या रेडक्रॉस रुग्णालयात बालरोग विभागात रुजू झाले आणि पुढची चाळीसेक वर्षं तिथेच राहिले. जानेवारी १९६१ मध्ये त्यांच्या वॉर्डात सव्वाचार वर्षांचा एक मुलगा आला. ताप दोन आठवडे हटला नाही. डोळे लालबुंद, पण चिकटा नाही. ओठ सुकून फुटलेले, त्यातून रक्त येतंय. जीभ स्ट्रॉबेरीसारखी लाल आणि दाणेदार. मानेत गाठ, अंगभर पुरळ, तळहात-तळपाय सुजून लाल. पेनिसिलिन दिलं, उपयोग शून्य. मग मुलगा आपला आपणच बरा झाला आणि बोटांची साल निघाली.

स्कार्लेट फीवर म्हणावं, तर पेनिसिलिनला त्याने दाद द्यायला हवी होती. गोवर म्हणावा, तर चित्र जुळत नव्हतं. कावासाकींनी मुलाला घरी सोडताना निदान माहीत नसल्याची नोंद केली. डॉक्टरी पेशात हे लिहायला धैर्य लागतं. कुठलं तरी जवळचं नाव चिकटवून कागद फाइलला लावणं कितीतरी सोपं असतं. पण तसं झालं असतं, तर हा मुलगा स्कार्लेट फीवरच्या ढिगाऱ्यात कायमचा हरवला असता.

वर्षभराने, फेब्रुवारी १९६२ मध्ये, रात्रपाळीत दुसरं मूल आलं. रक्तात जंतुसंसर्ग झाल्याचा संशय होता. कावासाकींनी त्याचे डोळे, ओठ आणि तळवे पाहिले आणि त्यांना वर्षापूर्वीचा मुलगा आठवला. त्याच वर्षी त्यांनी अशी सात मुलं बालरोगतज्ज्ञांच्या सभेत मांडली. फारसं कुणाला पटलं नाही. ज्येष्ठांचं म्हणणं, हे जुन्याच कुठल्या तरी आजाराचं वेगळं रूप असणार. कावासाकी मुलं जमवत राहिले. १९६७ मध्ये ॲलर्जी या विषयाच्या जपानी नियतकालिकात त्यांचा चाळीसहून अधिक पानांचा लेख आला. त्यात पन्नास मुलं होती, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांपासून बोटांच्या सालीपर्यंतचा तपशील होता. रक्ततपासणीत नेमकं बोट ठेवता येईल असं काही सापडत नव्हतं, म्हणून पाहून ओळखता येणाऱ्या खुणांवरच सगळी भिस्त होती. आजही या आजाराचं, म्हणजे कावासाकी आजाराचं, निदान मुख्यतः त्याच खुणांवरून होतं: पाच दिवस किंवा अधिक ताप, आणि डोळे, ओठ-जीभ, मानेतली गाठ, पुरळ, हातपाय या पाच खुणांपैकी चार.

एका बाबतीत मात्र त्यांची नजर चुकली. हा आजार आपोआप बरा होतो आणि मागे काही ठेवत नाही, असं त्यांनी मानलं होतं. त्यांच्याच रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ नोबोरू तानाका यांना १९६५ मध्ये अशाच एका मुलाच्या शवविच्छेदनात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत गुठळी सापडली होती. टोकियोच्याच सेंट ल्यूक रुग्णालयात ताकाजिरो यामामोतो यांना अशा मुलांच्या ईसीजीत दोष दिसत होते. वाद काही वर्षं चालला. १९७० मध्ये जपान सरकारच्या मदतीने देशभर पाहणी झाली आणि त्यात शवविच्छेदन झालेली दहा मुलं पुढे आली. ताप गेलेला, मूल सावरलेलं, आणि मग अचानक मृत्यू. कारण तेच: फुगलेली हृदयधमनी आणि तिच्यात अडकलेली गुठळी. कावासाकींनी आपली चूक मान्य केली. १९७४ मध्ये त्यांचा इंग्रजी लेख अमेरिकेत छापून आला, तेव्हा मृत्यूंची हकिगत त्यात होती.

त्याच सुमाराला हवाईत होनोलुलूमध्ये मॅरियन मेलिश आणि रॅकेल हिक्स या दोन डॉक्टर अशाच मुलांपुढे बुचकळ्यात पडल्या होत्या. जपानमधल्या कामाची त्यांना गंधवार्ता नव्हती, तरी त्यांनी खुणांची जवळजवळ तीच यादी केली. कावासाकींच्या पन्नास मुलांच्या बाजूने याहून मोठी साक्ष कोणती असणार?

आजार नवा होता का, हा प्रश्न लंडनपर्यंत जाऊन पोचतो. सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयातले सॅम्युएल गी यांनी १८७१ मध्ये सात वर्षांच्या एका मुलाच्या शवविच्छेदनाची नोंद छापली होती. हृदयाच्या धमन्यांवर फुगवटे होते. सात वर्षांच्या पोराच्या हृदयात हे कुठून आलं, ते सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं. नंतरच्या काळात अशी मुलं धमनीदाहाच्या एका दुर्मीळ आजाराच्या नावाखाली शवविच्छेदनाच्या वह्यांत जमा होत राहिली. म्हणजे विकृतिशास्त्रज्ञांना मेलेली मुलं दिसत होती आणि बालरोगतज्ज्ञांना जगलेली. दोन्ही एकाच आजाराची आहेत, हे कळायला शंभर वर्षं गेली.

उपचारही जपानमधूनच आला. १९८४ मध्ये केनसुके फुरुशो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेली प्रतिद्रव्यं शिरेतून दिली, तर धमन्या फुगण्याचं प्रमाण उतरतं. अमेरिकेत जेन न्यूबर्गर यांच्या गटाने १९८६ आणि १९९१ च्या चाचण्यांतून डोस पक्का केला: वजनाच्या दर किलोला दोन ग्रॅम, एकाच वेळी, दहा-बारा तासांत. उपचाराविना चारातल्या एका मुलाच्या धमन्यांना इजा व्हायची. वेळेत औषध मिळाल्यावर ते प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं. वॉर्डात या औषधाला ‘आयव्हीआयजी’च म्हणतात. वीस किलोच्या मुलाला चाळीस ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या आठ बाटल्या. बेताच्या मिळकतीच्या आईबापांना ती आठवी बाटली किती जड जाते, ते औषधाच्या दुकानासमोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

भारतात या आजाराची पहिली नोंद १९७७ मध्ये छापली गेली. त्यानंतरही बरीच वर्षं तो इथल्या डॉक्टरांना पुस्तकातला पाहुणाच वाटे. चंदीगडच्या पीजीआय संस्थेतल्या डॉ. सुरजित सिंग यांच्या गटाने १९९४ पासून अशा मुलांची नोंद नेमाने ठेवली, तेव्हा तिथे दर लाख मुलांमागे ०.५१ हा आकडा २००८ पर्यंत ४.५४ वर गेलेला दिसला. मुलं वाढली की ओळखणारे डोळे वाढले? बहुधा दुसरंच अधिक. आपल्याकडे आणि जपानमध्ये उपयोगी पडणारी एक खूण तर प्रत्येक आईच्या रोजच्या पाहण्यातली आहे: तान्ह्या मुलाच्या दंडावरची बीसीजीची जुनी खूण या तापात अचानक लाल होऊन फुगते.

एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत, लंडनच्या एव्हेलिना बालरुग्णालयात आठ मुलं दहा दिवसांच्या आत अतिदक्षता विभागात आली. खणखणीत ताप, पुरळ, लाल डोळे, पोटदुखी, जुलाब आणि मग रक्तदाब कोसळणं. त्यातला चौदा वर्षांचा एक मुलगा गेला. इटलीतल्या बर्गामोमध्ये, जिथे शवपेट्या लष्करी ट्रकांतून न्याव्या लागत होत्या, तिथल्या डॉक्टरांना १८ फेब्रुवारी ते २० एप्रिल या दोन महिन्यांत कावासाकीसारखी दहा मुलं दिसली. आधीच्या पाच वर्षांत मिळून एकोणीस दिसली होती. दहापैकी आठ मुलांच्या रक्तात कोरोनाची प्रतिद्रव्यं होती. कोरोना मुलांना सोडून देतो, असं सगळे म्हणत असताना ही मुलं संसर्ग येऊन गेल्यावर, दोन ते सहा आठवड्यांनी, स्वतःच्याच प्रतिकारशक्तीच्या भडक्यात सापडत होती. मे महिन्यात अमेरिकेने त्याला ‘एमआयएस-सी’ हे नाव दिलं.

मुंबईत मे ते जुलै २०२० मध्ये अशा तेवीस मुलांची नोंद झाली. निम्म्याहून अधिक मुलं शॉकमध्ये आली होती. परळच्या वाडिया रुग्णालयातही त्या उन्हाळ्यात अशी मुलं येत होती. उपचाराची दिशा मात्र कुणाला नव्याने शोधावी लागली नाही. आयव्हीआयजी, स्टेरॉइड, धमन्यांवर नजर ठेवण्यासाठी टू-डी एको: सगळी वाट कावासाकीच्या मुलांनी पाडून ठेवलेली. फरकही लवकरच दिसले. ही मुलं वयाने मोठी होती, हृदयाचा स्नायूच आधी थकत होता. आणि ज्या जपानमध्ये कावासाकी सर्वाधिक, तिथे हा नवा आजार तुरळकच आढळला. उलट त्या वर्षी, मास्क आणि घरबंदीच्या काळात, जपानमधले कावासाकीचे रुग्णच सुमारे एक तृतीयांशाने घटले. श्वासावाटे येणारं काहीतरी या आजाराची ठिणगी टाकत असावं, या जुन्या तर्काला त्याने बळ मिळालं. ते काहीतरी कोणतं, ते अजून सापडलेलं नाही. गालिचा धुण्याच्या शाम्पूपासून मध्य आशियातून येणाऱ्या वाऱ्यांपर्यंत संशय सगळ्यांवर घेऊन झाला आहे.

५ जून २०२० रोजी, जगभरच्या बालरोगतज्ज्ञांच्या तोंडी त्यांचं नाव रोज येत असतानाच, डॉ. कावासाकी टोकियोत वारले. वय पंचाण्णव.

त्यांनी तपासलेली पहिली मुलं आज साठीच्या घरात आहेत. हृदयरोगतज्ज्ञांकडे आता चाळिशीतले असे रुग्ण येतात, ज्यांना ना मधुमेह, ना तंबाखू, पण अँजिओग्राफीत धमनीवर जुने फुगवटे दिसतात. तेव्हा डॉक्टर विचारतात, लहानपणी आठवडाभर ताप आला होता का, हातापायांची साल निघाली होती का? रुग्णाला सहसा आठवत नाही. मग फोन आईला लावला जातो.